डेटा प्रोटेक्शनमध्ये करिअर करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजांतल्या कार्यक्रमांनंतर, लिंक्डइनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे विचारणाऱ्याचे शब्द तसेच ठेवले आहेत. एकाच गोष्टीवर दोनदा लिहिणं टाळलंय, म्हणून मधूनमधून 'अमुक प्रश्न पाहा' असं दिसेल.

१. डेटा प्रोटेक्शन म्हणजे सायबर सिक्युरिटीच ना?

नाही, पण दोन्हींची भिंत सामायिक आहे. माहिती चुकीच्या हाती पडू नये हे सिक्युरिटीवाले पाहतात. ती मुळात घेतलीच का, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरतोय का, आणि काम झाल्यावर पुसली का, हे प्रायव्हसीवाले विचारतात. समजा, एका रुग्णालयाचा सर्व्हर अगदी कडेकोट आहे. पण डिस्चार्ज झालेल्या रुग्णांचे नंबर तिथल्याच कुणीतरी विमा विकणाऱ्या टीमला दिले. हॅकिंग झालं नाही, पासवर्ड फुटला नाही, तरी डेटा प्रोटेक्शनचा भंग झालाच. सिक्युरिटीचं जुजबी ज्ञान मात्र लागतंच (प्रश्न ६ पाहा).

२. अचानक सगळेच याबद्दल का बोलायला लागलेत?

अचानक काही झालेलं नाही, आपल्याकडे ते फार रेंगाळलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. २०१९ मध्ये आलेलं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि २०२२ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, म्हणजे डीपीडीपी, मंजूर झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले.

नियमांनी टप्पे ठरवून दिलेत. डेटा प्रोटेक्शन बोर्डाची, म्हणजे या कायद्याच्या नियामकाची, तरतूद लगेच लागू झाली, कन्सेंट मॅनेजरची (लोकांना आपली संमती एका जागी देता आणि मागे घेता यावी म्हणून सोय करणाऱ्या संस्थेची) नोंदणी एका वर्षाने, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. सध्याची भरतीची धावपळ या तारखेमुळे आहे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत मात्र जीडीपीआरचं, म्हणजे युरोपच्या डेटा प्रोटेक्शन कायद्याचं, काम मे २०१८ पासूनच चालू आहे.

३. या नोकरीत दिवसभर करतात काय?

एक काम जवळून पाहू. अकरावी-बारावीच्या एखाद्या कोचिंग क्लासचा प्रवेश अर्ज घ्या. त्यात नाव, जन्मतारीख, जात, विद्यार्थ्याचा आणि आईवडिलांचे मोबाइल, वडिलांचं वार्षिक उत्पन्न, दहावीचे गुण, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो मागितले आहेत. आता प्रत्येक रकान्यापुढे लिहायचं: हे कशासाठी, कुठे जातं, कोण पाहतं, कधी पुसणार.

जात कशाला? उत्तर येतं, 'पहिल्यापासून अर्जात आहे.' म्हणजे काढून टाका. उत्पन्न? फीसवलतीसाठी. मग सवलत मागेल त्याच्याकडूनच घ्या. आधारची झेरॉक्स? ओळखपत्र म्हणून. शाळेचं ओळखपत्र चालत नाही का? २०१८ च्या आधार निकालानंतर खासगी संस्थेने आधारसाठी अडून बसणं तसंही कठीण झालंय.

मोबाइल नंबरचा माग काढायला गेलं की खरी मजा येते. अर्जावरून तो एक्सेलमध्ये जातो, तिथून एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीकडे, शिवाय रिसेप्शनवरच्या ताईंच्या स्वतःच्या फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये. त्या नोकरी सोडून गेल्या की नंबर त्यांच्यासोबत जातात. निकालाच्या दिवशी मुलांचे फोटो आणि टक्के थेट चौकातल्या फ्लेक्सवर. फ्लेक्स हा पण डेटाचा वापर आहे, हे क्लासच्या गावीही नसतं. त्यात मुलं १८ वर्षांच्या आतली, म्हणजे डीपीडीपीप्रमाणे पालकांची संमती हवी आणि ती पालकांनीच दिली हे तपासताही आलं पाहिजे.

हे सगळं ज्या तक्त्यात भरतात त्याला जीडीपीआरच्या मंडळींत रोपा म्हणतात ('रेकॉर्ड ऑफ प्रोसेसिंग अ‍ॅक्टिव्हिटीज'चं लघुरूप). मोठ्या कंपनीत त्यासाठी वनट्रस्टसारखं टूल असतं, बाकीकडे एक्सेल. तक्ता भरायला दोन तास पुरतात. मार्केटिंग, एचआर आणि अकाउंट्सकडून ती माहिती काढून घ्यायला दोन आठवडे लागतात, कारण प्रत्येक जण 'बघतो, पाठवतो' म्हणतो. ज्याला लोकांशी बोलायचा कंटाळा आहे त्याने हे क्षेत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदा पाठ होतो, माणसं पाठ होत नाहीत.

बाकी दिवस नोटिसा तपासणं, व्हेंडरचे करार वाचणं, 'माझा डेटा पुसा' म्हणणाऱ्या ग्राहकांच्या विनंत्या निकाली काढणं आणि नवीन अ‍ॅप येण्याआधी त्यातली जोखीम तपासणं यात जातो. या शेवटच्या कामाला डीपीआयए म्हणतात.

४. पदं कोणकोणती असतात?

सुरुवातीला प्रायव्हसी अ‍ॅनालिस्ट किंवा असोसिएट. पुढे प्रायव्हसी मॅनेजर, कन्सल्टंट, ऑडिटर. वकिलांसाठी प्रायव्हसी काउन्सेल, कोड लिहिणाऱ्यांसाठी प्रायव्हसी इंजिनिअर. वर डीपीओ, म्हणजे डेटा प्रोटेक्शन ऑफिसर. जाहिरातींत 'प्रायव्हसी' शब्द नसतो असंही होतं. 'जीआरसी', 'थर्ड पार्टी रिस्क', 'इन्फर्मेशन गव्हर्नन्स' हे शब्द टाकूनही शोधा.

५. माझं बी.कॉम. झालंय. लॉ नाही, इंजिनिअरिंग नाही. जमेल का?

जमेल. डीपीडीपी कायद्यात किंवा जीडीपीआरमध्ये या कामासाठी कुठल्याही पदवीची अट नाही. सनद नाही, परवाना नाही. जीडीपीआर डीपीओकडून फक्त कायद्याचं आणि प्रत्यक्ष कामाचं तज्ज्ञ ज्ञान मागतो.

बी.कॉम.वाल्यांचा एक फायदा कुणी सांगत नाही. व्हाउचर, लेजर, ऑडिट ट्रेल यांची सवय असलेल्या माणसाला डेटाचा माग काढणं सहज जमतं. इंटर्नल ऑडिटमध्ये आर्टिकलशिप केलेली मुलं इथे लवकर रुळतात.

६. मी वकील आहे. टेक्निकल किती शिकावं लागेल?

कोडिंग लागत नाही. पण डेव्हलपर जे बोलतो ते कळलं पाहिजे. डेटाबेस आणि बॅकअपमधला फरक, एपीआय म्हणजे काय, लॉगमध्ये काय साठतं, कुकी कशी बसते, एन्क्रिप्शन आणि हॅशिंग वेगळं कसं. एक सोपा सराव आहे: क्रोममध्ये कुठलीही बातम्यांची साइट उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा आणि पान उघडताना माहिती किती वेगवेगळ्या कंपन्यांकडे जाते ते पाहा. मग त्याच साइटची प्रायव्हसी पॉलिसी वाचा. दोन्हींत फरक सापडला की तो तुमचा पहिला ऑडिट रिमार्क.

'ग्राहकाने सांगितलं, आम्ही डिलीट केलं' असं टीम म्हणते तेव्हा 'बॅकअपमधूनही?' हा प्रश्न ज्या वकिलाला सुचतो, त्याला मीटिंगला बोलावतात.

७. आयटीत आठ वर्षं टेस्टिंग केलंय. आता फ्रेशर म्हणून सुरुवात करू?

मुळीच नको. नोकरी सोडून कोर्स करण्याआधी आपल्याच कंपनीत चौकशी करा. टेस्टिंगवाल्यांकडे एक गोष्ट हमखास असते: टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये खऱ्या ग्राहकांचा डेटा पडलेला असतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं मास्किंग, म्हणजे खरी नावं-नंबर झाकणं, कसं करायचं याची एक पानाची नोंद करून प्रायव्हसी टीमला दाखवा. आत बदली मिळवणं हे बाहेरून नोकरी मिळवण्यापेक्षा सोपं आहे. बीपीओ, एचआर ऑपरेशन्स आणि बँकेच्या केवायसी विभागातल्या लोकांनाही हेच सांगेन.

८. कोणतं सर्टिफिकेट करू?

परदेशी क्लायंटचं काम हवं असेल तर आयएपीपी या संस्थेचं सीआयपीपी/ई. हे युरोपच्या कायद्यावर आहे आणि पुण्या-बेंगळुरूतल्या जाहिरातींत ते नेहमी दिसतं. परीक्षेला बसायला पदवीची किंवा अनुभवाची अट नाही. फी डॉलरमध्ये असल्यामुळे रुपयांत खिशाला चांगलीच कात्री लागते, आणि नंतरही ते टिकवायला खर्च असतो. कंपनीतलं प्रायव्हसीचं काम कसं चालवायचं यावर त्यांचंच सीआयपीएम आहे, तंत्रज्ञानावर सीआयपीटी.

भारतीय कंपन्यांसाठी डीएससीआयचं डीसीपीपी पाहा. ही नॅसकॉमने उभी केलेली संस्था आहे. ऑडिटकडे ओढा असेल तर आयएसओ २७७०१ चा, म्हणजे प्रायव्हसी व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, लीड ऑडिटर कोर्स. आयसाकाचं सीडीपीएसई अनुभव असलेल्यांसाठी आहे, फ्रेशरने त्याच्या मागे लागू नये.

माझा सल्ला: एकच करा आणि तेही प्रश्न ९ मधलं काम केल्यावर. डीपीडीपीवरचे दोन दिवसांचे 'सर्टिफाइड डीपीओ' कोर्स सध्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवलेत. सरकारने किंवा बोर्डाने मान्यता दिली आहे असं कुणी सांगितलं तर तो आदेश दाखवायला सांगा. कायदा स्वतः वाचा. फक्त ४४ कलमं आहेत आणि कलमांखाली उदाहरणंही दिली आहेत.

९. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. करू काय?

एखाद्या खऱ्या संस्थेचा एकच अर्ज प्रश्न ३ प्रमाणे उलगडून दाखवा. तुमची सोसायटी, ओळखीतली पतसंस्था, डॉक्टरांचा दवाखाना, व्यायामशाळा, गोव्यातलं एखादं होमस्टे जिथे पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती फाइलला लागतात. लेखी परवानगी घ्या आणि कुणाचीही खरी माहिती कॉपी करू नका, फक्त रकाने पाहा. सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपपासून सुरुवात केलीत तर सेक्रेटरीकाका आधी वैतागतील, मग व्हिजिटरांच्या नोंदी किती वर्षांच्या साठल्यात हे पाहून स्वतःच चपापतील.

यातून तीन कागद तयार होतात: डेटाचा तक्ता, सुधारलेली नोटीस आणि जोखमीची एक पानाची टिपण. संस्थेचं नाव काढून ते मुलाखतीला घेऊन जा. समोरच्याच्या हातात बोलायला काहीतरी पडतं, आणि 'मला प्रायव्हसीची पॅशन आहे' हे वाक्य म्हणावं लागत नाही.

१०. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

करार आणि ईमेल इंग्रजीतच असतात, त्यामुळे वाचन आणि लेखन पक्कं लागेल. फाडफाड बोलणं नंतर जमतं.

आता दुसरी बाजू. डीपीडीपीच्या कलम ५ आणि ६ नुसार नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. बँका, एनबीएफसी, विमा कंपन्या, सगळ्यांना हे करावं लागणार, आणि सध्या जे मशीनमधून निघतंय ते असं: 'आपल्या वैयक्तिक माहितीचे प्रक्रियाकरण विनिर्दिष्ट प्रयोजनास्तव करण्यात येईल.' सांगलीचा शेतकरी यावर अंगठा दाबेल, पण त्याला काय कळलं? त्याऐवजी 'तुमचा मोबाइल नंबर हप्त्याची आठवण करून द्यायला आणि वसुलीसाठी वापरू. वसुलीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे आहे, त्यामुळे नंबर तिलाही मिळेल,' असं लिहिता येणारा माणूस हवा आहे. कायद्याला साधी, स्पष्ट भाषाच अपेक्षित आहे. नमुन्याच्या अशा नोटिसा प्रश्न ९ मधल्या कागदांत जरूर ठेवा.

११. आमची कंपनी फक्त जर्मनीच्या ग्राहकांचा डेटा पाहते. मग मी डीपीडीपी शिकून उपयोग काय?

प्रश्न बरोबर आहे. भारताबाहेरच्या लोकांचा डेटा, बाहेरच्याच कंपनीशी केलेल्या कराराप्रमाणे इथे हाताळला जात असेल, तर कलम १७ नुसार बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट आहे. पण पूर्ण नाही: सुरक्षेची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी राहतेच, आणि तिच्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

शिवाय तुमच्या कंपनीचे स्वतःचे कर्मचारी भारतातच आहेत. त्यांचे पगार, मेडिक्लेम, बायोमेट्रिक हजेरी, बसचं लोकेशन या सगळ्याला डीपीडीपी लागू होईल. म्हणून अशा कंपनीत आधी जीडीपीआर शिका, पण एचआरचा डेटा समोर आला की डीपीडीपी उघडा.

१२. प्रत्येक कंपनीला डीपीओ नेमावाच लागणार का?

नाही. डीपीडीपीत ही सक्ती केंद्र सरकार ज्यांना 'सिग्निफिकंट डेटा फिड्युशरी' (डेटाचं प्रमाण आणि जोखीम पाहून निवडलेल्या कंपन्या) म्हणून जाहीर करेल त्यांच्यापुरतीच आहे. तो डीपीओ भारतात असावा लागतो आणि संचालक मंडळाला उत्तरदायी असतो. अशा कंपन्यांना दर १२ महिन्यांनी डीपीआयए आणि ऑडिटही करावं लागेल. इतरांना ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा संपर्क जाहीर करणं पुरेसं आहे. ते काम मात्र कुणालातरी येत असावं लागतं, आणि नोकऱ्यांची खरी संख्या तिथेच आहे, डीपीओच्या खुर्चीत नाही.

१३. आयटी हेडलाच डीपीओ करतायत. मला त्यांच्या हाताखाली घेणार. हे चालतं?

युरोपात चालणं अवघड आहे. डीपीओला हितसंबंध आड येणारं दुसरं काम देऊ नये, असं जीडीपीआरचं कलम ३८ सांगतं. २०२० मध्ये बेल्जियमच्या नियामकाने प्रॉक्सिमस या दूरसंचार कंपनीला ५०,००० युरो दंड केला, कारण तिचा डीपीओ कम्प्लायन्स, रिस्क आणि ऑडिटचाही प्रमुख होता. कारण सरळ आहे: सिस्टिम कशी चालवायची हे जो ठरवतो, तोच ती बरोबर चालते का हे कसं तपासणार?

डीपीडीपीत असं वाक्य नाही, त्यामुळे इथे ही सोय बऱ्याच ठिकाणी केली जाईल. शिकायला नोकरी घ्या. फक्त तुमची हरकत लेखी नोंदवायची मुभा आहे का, ते आधी विचारा.

१४. डेटा फुटला तर डीपीओ म्हणून मला आत टाकतील का?

डीपीडीपीत तुरुंगवासच नाही. दंड आहे आणि तो कंपनीवर आहे, डीपीओच्या पगारातून नाही. पण स्वतःच माहिती बाहेर दिली तर गोष्ट वेगळी. करारातून हाती आलेली वैयक्तिक माहिती संमतीशिवाय, कुणाचं नुकसान व्हावं किंवा गैरफायदा मिळावा या हेतूने उघड केली, तर आयटी कायद्याच्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१५. मुलाखतीत विचारलं, 'ब्रीच किती वेळात कळवाल?' मी ७२ तास म्हणालो, ते हसले. का?

कारण ब्रीच, म्हणजे डेटा फुटल्याची घटना, कळवायची घड्याळं दोन आहेत. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची. डीपीडीपीच्या नियमांप्रमाणे बोर्डाला आणि ज्यांचा डेटा गेला त्या लोकांना विनाविलंब कळवायचं, आणि बोर्डाला तपशीलवार माहिती ७२ तासांत द्यायची. म्हणजे ७२ तास ही दुसऱ्या अहवालाची मुदत आहे.

आणखी एक खोच. जीडीपीआरमध्ये लोकांना धोका संभवत नसेल तर नियामकाला कळवावं लागत नाही. डीपीडीपीत अशी सूट नाही, एकाच ग्राहकाचं स्टेटमेंट दुसऱ्याला मेल झालं तरी तो ब्रीच. एवढं सांगितलंत तर हसणारे वहीत लिहून घेतील.

१६. नोकरी बदलताना मी बनवलेली टेम्पलेट्स आणि रोपा नेऊ का?

नाही. तुम्ही बनवली तरी ती कंपनीची आहेत, आणि रोपामध्ये कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा अख्खा नकाशा असतो. स्वतःच्या जीमेलवर तो पाठवणाऱ्या प्रायव्हसी अ‍ॅनालिस्टला पुढे कोण ठेवेल? डोक्यात आहे ते न्या, घरी कोऱ्या फाइलवर नव्याने लिहा.

१७. पगार किती?

पदाच्या नावापेक्षा कुठे काम करता यावर जास्त अवलंबून असतो. परदेशी कंपन्यांची खराडी-हिंजवडीतली केंद्रं आणि मुंबईतल्या मोठ्या बँका जास्त देतात. लहान सल्लागार फर्म कमी देते, पण तिथे वर्षभरात दहा प्रकारचे धंदे पाहायला मिळतात. पहिली दोन वर्षं मी दुसरा पर्याय निवडायला सांगेन.

१८. आयर्लंडला जायचंय. तिथे भारतीय अनुभव धरतात का?

जीडीपीआरचा असेल तर धरतात. मेटा, गूगल यांची युरोपीय मुख्यालयं डब्लिनला असल्यामुळे तिथला नियामक युरोपातली मोठी प्रकरणं हाताळतो. २०२३ मध्ये मेटाला झालेला १२० कोटी युरोंचा दंड तिथलाच. फक्त डीपीडीपीवर जाऊ नका, प्रश्न ८ मधलं सीआयपीपी/ई इथे उपयोगी पडतं.

१९. मी माहिती अधिकारात काम करतो. या क्षेत्रात येणं म्हणजे माहिती दडवणाऱ्यांच्या बाजूला जाणं नाही का?

हा प्रश्न महाराष्ट्रातूनच येणार. २००५ चा केंद्रीय कायदा येण्याआधी इथे राज्याचा कायदा होता आणि त्यामागे आंदोलनं होती.

तुमचा आक्षेप खरा आहे. पूर्वी माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावं लागे. डीपीडीपीच्या कलम ४४ ने हे निकष काढून टाकले. आता वैयक्तिक माहिती आहे एवढं म्हणून नकार देता येतो. माझ्या मते हा बदल अनावश्यक होता. जुनं कलम दोन्ही बाजू सांभाळत होतं.

कलम ८(२) मात्र शाबूत आहे: लोकहित जास्त वजनाचं असेल तर माहिती देता येते. आता अपिलांमध्ये यावरच युक्तिवाद होतील, आणि तो करायला दोन्ही कायदे येणारी माणसं लागतील. जन माहिती अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारे लागतील, यादीतली नावं झाकून बाकी यादी कशी देता येते हे दाखवणारे लागतील. माहिती अधिकाराचे अर्ज लिहिलेल्या माणसाला सरकारी कागद कुठे बनतो, कुणाच्या टेबलावर थांबतो आणि कोण 'उपलब्ध नाही' म्हणतं हे ठाऊक असतं. प्रश्न ३ मधलं काम तुम्ही बिनपगारी केलेलंच आहे. बायोडेटात ते लिहा.